अकरावीला भूगोल घेतलाय: सोलापुरात राहून हा विषय नीट कसा शिकावा?

पूर्वभागातली

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावी झाली. गुण चांगले आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांनी विज्ञान शाखा गृहीतच धरली होती. तिनं मात्र कला शाखेचं नाव काढलं, आणि त्यातही भूगोल हवाच म्हणाली. दहावीच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्गपासून अलिबागपर्यंतचा प्रवास. तो वाचल्यापासून एसटीत बसलं की हिचं तोंड खिडकीकडं. इथं माती काळी आणि तिथं तांबूस का, इथं ऊस आणि पुढं नुसतं माळरान का, असं सारखं विचारत असते. मला उत्तरं देता येत नाहीत.

नातेवाइकांचं एकच पालुपद, "भूगोल घेऊन करणार काय?" मला तिच्या निवडीची काळजी नाही. हा विषय तिला मनासारखा शिकायला मिळेल का, याची आहे. आमचं घर टॉवेलच्या कारखान्यावर चालतं, कॉलेजात भूगोल शिकलेलं घरात कुणी नाही. अकरावी-बारावीला नेमकं काय असतं, प्रात्यक्षिक म्हणजे काय करायचं, शिकवणी लावावी लागते का, आणि पुढं वाटा कोणत्या? माहीतगारांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

खडूआणिनकाशा

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. सगळ्यात आधी मुलीचं अभिनंदन. गुण असूनही आवडीनं भूगोल घेणारी मुलं वर्गात कमी असतात, आणि असं एक मूल असलं तरी वर्ग बदलतो.

अकरावीचं पुस्तक मुख्यतः प्राकृतिक भूगोलाचं. भूहालचाली, विदारण, नदी-वारा-हिमनदीचं काम, हवामान प्रदेश, हवामान बदल, हिंदी महासागर, जैवसंहती (म्हणजे हवामानानुसार बनलेले वनस्पती-प्राण्यांचे मोठे समुदाय), आपत्ती व्यवस्थापन. बारावीला माणूस येतो: लोकसंख्येवर दोन पाठ, वसाहती आणि भूमी उपयोजन, प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास, आणि शेवटी भूगोल या विषयाचं स्वरूप. बारावीला लेखी ८० गुणांची, प्रात्यक्षिक २० गुणांचं.

आता माझं खरं म्हणणं. मुलं या विषयात मागं पडतात ती पाठांतरामुळं. "भौगोलिक कारणे लिहा" हा प्रश्न पाहिला की मार्गदर्शकातले पाच मुद्दे आठवायला लागतात. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यातलंच एक विधान घ्यावं आणि साखळी जोडायला शिकावं. उदाहरणार्थ, "सोलापूर जिल्ह्यात ज्वारी प्रामुख्यानं रब्बीत घेतली जाते."

नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढताना पाणी टाकून येतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आपण पर्जन्यछायेत. बरं, आहे तो पाऊसही जून-जुलैत बेभरवशाचा, सगळ्यात जास्त सप्टेंबरात. म्हणून खरिपावर भरवसा ठेवता येत नाही. पण खाली बेसाल्टपासून तयार झालेली काळी माती आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते. सप्टेंबरचा पाऊस या मातीत मुरतो, त्या ओलीवर पेरा होतो, आणि पुढं पाऊस नसला तरी थंडीत पीक उभं राहतं. मालदांडी ही ज्वारीची जात याच ओलीवर येते. शिवाय जनावरांना कडबा हवा, तो या ज्वारीचा चांगला. वारा, डोंगर, खडक, माती, पीक, गोठा. एवढं एका दमात जोडता आलं की कारण लिहिता आलं.

उत्तरात "सुपीक माती, अनुकूल हवामान, मजुरांची उपलब्धता" असं कुठल्याही पिकाला चालणारं वाक्य लिहिलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं. मी स्वतः असे पेपर तपासतो, म्हणून सांगतो. साखळी लिहिणाऱ्या मुलाचा पेपर वाचताना आनंद होतो, आणि गुणही मिळतात.

शिकवणीची गरज नाही. पुस्तक, ॲटलास आणि वही पुरे.

आदित्य_जुळेसोलापूर

माझी बारावी नुकतीच झाली, भूगोल होता. सरांचं म्हणणं खरं आहे, पण सगळीकडं असं शिकवत नाहीत. आमच्याकडं प्रात्यक्षिकाचं जर्नल आधीच्या वर्षीच्या मुलाकडून आणून उतरवायचं असा रिवाज होता. स्थलनिर्देशक नकाशा (लहान भागाची उंची, नद्या, रस्ते, वस्ती तपशीलानं दाखवणारा) वर्षभरात एकदा टेबलावर उलगडला, चाळीस जणांनी वरून पाहिला आणि घडी घालून परत कपाटात. क्षेत्रभेटीचा अहवाल तर कुठंही न जाता लिहिला. कॉलेजचं नाव घेत नाही, पण मनात राग आहे तो आहेच. परीक्षेत गुण चांगले पडले, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पाहून उतार कुठला तीव्र हे मला परीक्षा झाल्यावर यूट्यूबवरून कळलं. मावशी, प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की विचारा: नकाशे आहेत का, आणि प्रत्येक मुलाच्या हातात देता का?

रेल्वेलाइन्स

+१. प्रवेशाच्या वेळी लोक वसतिगृह बघतात, कँटीन बघतात. नकाशे कुणी विचारत नाही.

विवेक_होटगीरोड

थोडं वेगळं मत मांडतो. मुलीला गुण आहेत, तर विज्ञान शाखेचा विचार एकदम सोडू नका. आपल्या बोर्डात विज्ञान शाखेतही भूगोल घेता येतो, मात्र तो तुम्हाला हव्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात का हे पाहावं लागतं. पुढं भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र, सुदूर संवेदन (उपग्रहांवरून जमिनीची माहिती घेणं) याकडं जायचं झालं तर गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया लागतो. कला शाखेतून तिकडं जायला निघालेल्या मुलांची पात्रतेच्या अटीत अडचण होते. कला वाईट असं माझं म्हणणं नाही. निर्णय दोन्ही बाजू पाहून व्हावा एवढंच.

पूर्वभागातली

विवेकदादा, तुमचा मुद्दा तिच्यापुढं ठेवला. तिला गणित जड जात नाही, पण तिला माणसांबद्दलचा भूगोल जास्त ओढतो. लोक कुठून आले, गाव असं का वाढलं, असं. आमचेच आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले, त्यामुळं असेल.

खडूआणिनकाशा

ताई, मग बारावीचा द्वितीयक आर्थिक क्रियांचा पाठ तुमच्या घरातूनच सुरू करा. उद्योगाचं स्थानिकीकरण कसं होतं हे शिकवताना पुस्तकं लोह-पोलादाची उदाहरणं देतात. तिनं सोलापूर घ्यावं. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो. आसपास दुष्काळी मुलूख, त्यामुळं गिरणीला हात मिळाले. तेलंगणातून पद्मशाली विणकर हातातलं कौशल्य घेऊन आले. पुढं गिरण्या बंद पडल्या, पण कौशल्य शहरातच राहिलं आणि यंत्रमागावर गेलं, चादर आणि टॉवेल झालं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हेही याच पाठात बसतं.

ज्या कारणानं उद्योग आला ते कारण संपलं तरी उद्योग तिथंच का टिकतो? हा प्रश्न तिनं आजोबांच्या ओळखीतल्या जुन्या माणसांना विचारावा आणि उत्तरं लिहून ठेवावीत. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एका चौकात का ऐकू येतात, त्याचं उत्तर लोकसंख्येच्या पाठातल्या स्थलांतरात आहे. अशी सामग्री पुण्या-मुंबईच्या मुलांना इतक्या जवळ मिळत नाही.

नकाशेवाला

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि स्थळांची माहिती हाताळण्याचं काम करतो. प्रात्यक्षिकाबद्दल लिहितो, कारण मला नोकरी मिळाली ती त्याच्यावर.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. कॉलेजच्या कपाटावर अवलंबून राहायचं कारण नाही. आपला नकाशा कुठला, हे मात्र मुलीला स्वतः काढू द्या. नकाशाचा क्रमांक पाठ करायचा नसतो, तो काढता येतो.

जुन्या पद्धतीत भारत आणि शेजारचा प्रदेश ४ अंश गुणिले ४ अंश अशा चौकटींत विभागला आहे. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश ही चौकट म्हणजे ४७ क्रमांक. तिचे एकेक अंशाचे १६ भाग, ए ते पी. वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करायची, वरून खाली यायचं, मग उजवीकडचा पुढचा स्तंभ पुन्हा वरून खाली. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर, ७५ अंश ५५ मिनिटं पूर्व. म्हणजे शेवटचा स्तंभ: एम, एन, ओ, पी. त्यात १७ ते १८ अंशांचा तुकडा म्हणजे ओ. आता त्या एका अंशाचे १५-१५ मिनिटांचे पुन्हा १६ भाग, त्याच क्रमानं. ४५ ते ६० मिनिटं हा शेवटचा स्तंभ, म्हणजे १३ ते १६. वरून दुसरा १४. तर आपलं शहर ४७ ओ/१४ वर. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा केलं की जन्मभर विसरत नाही. मग तिला पुण्याचा क्रमांक काढायला सांगा, ४७ एफ/१४ आला पाहिजे.

नकाशा हातात आल्यावर पहिल्या दिवशी फक्त रंग वाचायचे. तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, पिवळी शेती, हिरवी झाडी, तांबडे रस्ते आणि वस्ती. या प्रमाणावर समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असतं. आपल्याकडं रेषा विरळ, कारण पठार सपाट. मग दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ मारून कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रेषेची उंची टिपायची आणि छेद काढायचा. हे हातानं करायला शिकलेल्याला पुढं क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली लवकर हाताशी येते. संगणक शिकलेले पुष्कळ भेटतात. नकाशा वाचता येणारे कमी, आणि कामावर घेताना आम्ही ते आधी बघतो.

वाटांबद्दल: आपल्याच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथं जिओइन्फर्मेटिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पुण्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, त्यांतले बरेच मोफत असतात. प्रत्येक ठिकाणची पात्रतेची अट त्या-त्या वर्षी तपासून घ्या. त्या बाबतीत विवेक यांनी लिहिलेलं बरोबर आहे.

शिवारमोहोळ

मी शेतकरी, शाळा दहावीपर्यंतच. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडं विहीर खणताना बघायला पाठवा पोरीला. वरती काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडलेली, हात आत जातो. खाली मुरूम. त्याच्याखाली पाषाण, तिथं सुरुंगाशिवाय काम होत नाही. मुरूम म्हणजे काय, तर पाषाणच, कुजलेला. नातू अकरावीला हाय, त्याच्या पुस्तकात याला विदारण म्हणतात. त्याला म्हटलं, बांधावर ये, गोल गोल धोंड्यांचे पापुद्रे निघतात ते दाखवतो. आला, बघितला, फोटो काढून घेऊन गेला. बोअर घेताना मधेच लाल चिखल येतो, तोही त्याला दाखवला. त्यानं सरांना विचारलं, तर म्हणाले लाव्ह्याचे थर एकावर एक येताना मधल्या काळात तयार झालेला थर तो.

दुसरं उजनीचं. पेपरात येतं "उजनी वजा ४० टक्के". शहरातली शिकलेली माणसंसुद्धा विचारतात, वजा पाणी कसं काय? धरण भरलं की जवळपास ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, उरलेलं ५३-५४ टीएमसी वापरायचं. टक्के मोजतात ते या वापरायच्या साठ्याचे. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की वजा सुरू. दर उन्हाळ्यात आमचं सगळं गणित या आकड्यावर. एवढं मोठं धरण, पण भरतं कुणाच्या पावसानं? आमच्या नाही. पुणे जिल्ह्यात घाटमाथ्यावर पडतो तो भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांतून येतो. आमच्या रानात धूळ उडत असते आणि नदीला पाणी सोडल्याचा भोंगा होतो.

खडूआणिनकाशा

काका, नदीखोरं हा विषय मी आता तुमच्या या परिच्छेदानंच शिकवणार. तुमची परवानगी आहे असं समजतो.

शिवारमोहोळ

खुशाल शिकवा सर. त्यात सीनेचा पूरही घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते पोरांनी डोळ्यानं बघितलंय. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख त्या जिल्ह्यात घरात पाणी, ऊस आडवा, जनावरं वाहून गेली. सीना अहिल्यानगरकडून येते, धाराशिव-बीडचंही पाणी घेते. वरती पडलं की खाली आम्हाला. पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ हाय म्हणता, तर पोरांना पूररेषा कुठं होती, घरं कुठं बांधली होती, कुणाला कधी निरोप मिळाला, हे गावात येऊन विचारायला लावा. आम्ही सांगू.

स्पर्धापरीक्षा_सातरस्ता

सगळ्यांनी इतकं छान लिहिलंय की माझा मुद्दा थोडक्यात. एमपीएससी, यूपीएससी दोन्हींत सामान्य अध्ययनात भूगोल आहेच, आणि यूपीएससी मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणून घेतला तर ५०० गुणांचा. अभ्यासिकेत माझ्याबरोबर अभियांत्रिकी झालेली मुलं आहेत, त्यांना अकरावीचं भूगोलाचं पुस्तक आता पहिल्यापासून वाचावं लागतंय. ताईंच्या मुलीचं ते वेळेवर होईल. पण एक मनापासून सांगतो: सोळाव्या वर्षी तिला परीक्षेसाठी भूगोल वाचायला लावू नका. आवडीनं वाचला तर परीक्षेलाही पुरतो.

आणि ॲटलास रोज उघडायचा. बातमीत नाव आलं की नकाशावर बोट ठेवायचं, मग ती सुवेझ असो की सांगोला.

आदित्य_जुळेसोलापूर

मला एक विचारायचं होतं सर. अकरावीचं हिमनदीचं काम मला शेवटपर्यंत कळलं नाही. नुसती नावं पाठ केली. जे आपल्याकडं नाहीच ते कसं शिकायचं?

खडूआणिनकाशा

आदित्य, रास्त प्रश्न. तिथं उपग्रह प्रतिमांचा आधार घ्यावा. गुगल अर्थवर गंगोत्री हिमनदी उघड, तिरपा कोन कर, आणि खोऱ्याचा आकार बघ. मग भीमेचं पात्र उघड. दोन्हींचे छेद वहीत शेजारी काढ. यू आकाराची आणि व्ही आकाराची दरी यातला फरक तिथं दिसतो, कारण एक बर्फानं घासून झालेली आणि दुसरी पाण्यानं खोदलेली. पण भीमा आपल्याकडं व्ही आकाराची दिसणार नाही, ती इथं पठारावर पसरट झालेली आहे. व्ही पाहायचा तर तिच्या उगमाकडं, भीमाशंकरच्या घाटात जा. एकच नदी दोन ठिकाणी दोन आकारांची का, याचा विचार केलास की नदीच्या अवस्था वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

जैवसंहतीचा पाठ मात्र आपल्या दारात आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. लोक त्या माळाला पडीक म्हणतात. पुस्तकात जो गवताळ प्रदेश शिकतो त्याचं आपलं रूप ते. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. माळढोक दिसणं आता फार अवघड झालंय, आणि ते का झालं हाही भूगोलच: माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, वस्ती सरकली.

पूर्वभागातली

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मुलीनं धागा दोनदा वाचला, ४७ ओ/१४ स्वतः काढून बघितलं, आणि आता घरातल्या प्रत्येकाच्या गावाचा क्रमांक काढत बसली आहे. कला शाखाच घ्यायची, भूगोलासह, असं ठरलं. आदित्यनं सांगितल्याप्रमाणं दोन कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन नकाशांचं विचारलं. एके ठिकाणी शिक्षिकेनं लगेच कपाट उघडून दाखवलं, प्रत्येकाला वेगळा नकाशा देतो म्हणाल्या. पसंतीक्रमात तेच पहिलं भरलं.

सर, क्षेत्रभेटीसाठी तिला हिप्परग्याचा तलाव किंवा हत्तरसंग कुडल यातलं एक घ्यायचं आहे. कुठलं बरं पडेल?

खडूआणिनकाशा

दोन्ही उत्तम, पण अकरावीला हिप्परगा घ्यावा. तुळजापूर रस्त्यानं अगदी जवळ, सकाळी जाऊन दुपारी परत. तो एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, मातीचा बांध आहे. बांध कुठं घातला आणि तिथंच का, हे उभं राहून बघायचं. पाणी कुठून येतं, कुठं जातं, काठाला गाळ किती, लाभक्षेत्रात आज कोणती पिकं आहेत. शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा तीन ठिकाणांहून पाणी येतं, त्याचा साधा आराखडा अहवालात काढावा. निघण्याआधी प्रश्नावली तयार हवी: मासेमाऱ्याला काय विचारायचं, शेतकऱ्याला काय, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला काय. सोबत वही, होकायंत्र, टेप आणि नकाशाची प्रत. पाण्याच्या कडेला एकटीनं जायचं नाही, मोठं माणूस बरोबर हवं.

हत्तरसंग कुडल बारावीला ठेवा. भीमा-सीनेचा संगम, आणि तिथल्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख. संगमावर वस्ती का होते, हा मुद्दा वसाहतींच्या पाठात येतो तेव्हा ते पाहिलेलं कामी येईल.

अहवाल भेटीनंतर आठवडाभरात लिहून टाकायला सांगा. बारावीचं प्रात्यक्षिक लेखीच्या आधी होतं, तेव्हा जर्नल डिसेंबरअखेर सही होऊन तयार असलेलं बरं.

शिवारमोहोळ

सुट्टीत मोहोळला पण आणा ताई पोरीला. शेजारी विहिरीचं काम दिवाळीनंतर निघणार हाय, थर मोजून घ्यायला टेप आणायला सांगा.